डोळ्याभोवती काय काय असतं? लेकाला बॉल लागला, तेव्हापासूनचे प्रश्न

सोनचाफा | १४ जुलै, रात्री १०:५०

मंडळी, धागा थोडा लांब होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

गेल्या रविवारी पावसाने उघडीप दिली म्हणून चाळीच्या पटांगणात पोरांनी क्रिकेट मांडलं. माझा अकरा वर्षांचा लेक स्टंपांच्या मागे उभा होता. बॅटची कड लागून बॉल थेट त्याच्या उजव्या डोळ्यावर बसला. घरी आला तेव्हा खालच्या पापणीला जराशी सूज होती, बाकी डोळा पांढराशुभ्र. लाली नाही, रक्त नाही. मी बर्फ लावला आणि निजवलं. तासाभरात त्याला उलट्या सुरू झाल्या, अंग गार पडलं. जवळच्या एका दवाखान्यात नेलं तर पोट बिघडलंय म्हणून गोळ्या दिल्या. डोळ्याकडे कुणी नीट पाहिलंही नाही, कारण डोळा बरा दिसत होता.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तो म्हणाला, "आई, वर बघितलं की दोन पंखे दिसतात." ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. तसंच टॅक्सी करून मोठ्या रुग्णालयात गेलो. सीटी स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, डोळा शाबूत आहे, पण डोळ्याच्या खोबणीचा तळ मोडलाय आणि डोळा फिरवणारा एक स्नायू त्या फटीत अडकलाय. दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑपरेशन झालं, खालच्या पापणीच्या आतल्या बाजूने. बाहेरून टाक्याची खूणसुद्धा नाही. आता घरी आहे. नाक शिंकरायचं नाही, धावायचं नाही, अशी तंबी आहे.

पडून पडून तो मला प्रश्न विचारतो आणि मला उत्तरं येत नाहीत. शाळेच्या पुस्तकात भिंग आहे, दृष्टिपटल आहे, पण खोबण नाही, स्नायू नाहीत. खोबणीचं हाड एवढं पातळ का? खालचा स्नायू अडकला तर वर बघताना त्रास का? डोळ्याला लागलं तर उलट्या का? आणि या सगळ्या भागांना आपल्या भाषेत काय म्हणतात? ज्यांना ठाऊक आहे त्यांनी सोप्या शब्दांत सांगा. मी त्याला वाचून दाखवणार आहे.

अबोली | १४ जुलै, रात्री ११:०२

ताई, लेकरू आता कसं आहे ते आधी सांगा.

सोनचाफा | १४ जुलै, रात्री ११:०५

बरा आहे गं. वरणभात खाल्ला. वर बघितलं की अजून दोन दिसतात, पण उलटी नाही.

पाणकावळा | १५ जुलै, सकाळी ७:२०

सोनचाफाताई, मी नेत्रतज्ज्ञ आहे, मुलुंडला. तुमच्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन केलं हे फार चांगलं झालं. मुलांमध्ये स्नायू अडकला असेल तर एक-दोन दिवसांतच सोडवावा लागतो, नाहीतर त्याचा रक्तपुरवठा तुटतो.

आता खोबण. ती सात हाडांनी मिळून बनते. कपाळाचं, गालाचं, वरच्या जबड्याचं, टाळूचं, नाकाच्या मुळाशी चाळणीसारखं एक, त्याच्या शेजारी नखाएवढं अश्रुअस्थी आणि मागे पंख पसरलेल्या फुलपाखरासारखं एक. आकार आडव्या ठेवलेल्या पेरूसारखा, रुंद तोंड पुढे आणि निमुळतं टोक मागे. मोठ्या माणसात आत साधारण ३० मिलि जागा असते, म्हणजे दोन मोठे चमचे. डोळ्याचा गोळा त्यातला जेमतेम ७ मिलि. बाकी काय? चरबी, स्नायू, नसा, रक्तवाहिन्या. डोळा त्या मऊ चरबीत बसवलेला असतो.

खोबणीची कड बोटाने चाचपून बघा, चांगली दणकट लागते. डोळ्यावर येणारा मार बऱ्याचदा तीच झेलते. पण तळ जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्याच्याखाली वरच्या जबड्याच्या हाडातली, गालामागची हवेची पोकळी, सर्दी झाली की भरते ती. आतली, नाकाकडची भिंत तर तळाहूनही पातळ, कागदासारखी. पण तिला पलीकडून मधाच्या पोळ्यासारख्या छोट्या कप्प्यांचा आधार असतो. तळ मात्र मोकळ्या पोकळीवर टाकलेल्या फळीसारखा. बॉल बसला की आतला दाब एकदम वाढतो, कडेच्या हाडालाही धक्का बसतो आणि तळ खचतो.

मोठ्या माणसाचं हाड तुकडे होऊन मोडतं. मुलांचं हाड ओल्या फांदीसारखं लवचीक. ते वाकून खाली उघडतं, आतलं थोडं खाली सरकतं आणि हाड पुन्हा जागेवर येऊन बसतं. दाराच्या फटीत बोट सापडावं तसा स्नायू सापडतो. बाहेरून डोळा पांढराच राहतो, म्हणून घरचे फसतात, कधी दवाखान्यातलेही.

उलट्यांचं कारण असं, की अडकलेला स्नायू ताणला गेला की त्याची खबर चेहऱ्याच्या नसेतून मेंदूत जाते आणि तिथून पोटाकडे व हृदयाकडे जाणाऱ्या नसेला धक्का पोचतो. नाडी मंदावते, मळमळतं, अंग गार पडतं. ज्यांच्या घरी पोरं क्रिकेट खेळतात त्या सगळ्यांनी एवढं लक्षात ठेवा. डोळ्यावर मार, त्यानंतर उलटी आणि वर बघताना दुखणं, हे एकत्र दिसलं तर पोटाच्या गोळ्या देत बसू नका.

गोदीवाला | १५ जुलै, सकाळी ९:१५

डॉक्टरसाहेब, खालचा स्नायू अडकला तर वर का बघता येत नाही हे मी सांगतो, चुकलं तर सांगा. माझी ३१ वर्षं माझगावला क्रेनवर गेली. बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, वर घ्यायचा असेल तर वरचा दोर ओढायचा आणि त्याच वेळी खालचा सैल सोडायचा. खालचा दोर कुठे अडकला असेल तर वरून कितीही ताकद लावा, बूम हलत नाही. लेकाचा वरचा स्नायू चांगलाच असणार. खालचा सुटत नव्हता.

पाणकावळा | १५ जुलै, सकाळी ९:४०

काका, अगदी बरोबर. इतकं सोपं मी पेशंटला आजवर समजावलेलं नाही.

आणि तुमच्या कामाची खरी गंमत पुढे आहे. डोळ्याला सहा स्नायू असतात. चार सरळ: वर, खाली, नाकाकडे, कानाकडे. ते खोबणीच्या टोकाशी एका कड्यातून निघतात आणि गोळ्याला पुढून येऊन चिकटतात. दोन तिरके. त्यातला वरचा तिरका स्नायू मागून निघतो, नाकाच्या बाजूने पुढे येतो आणि भुवईच्या आतल्या टोकाखाली एका कप्पीतून वळून, उलट दिशेने गोळ्याच्या वरच्या भागावर जातो. खरीखुरी कप्पी! कूर्चेची कडी, कपाळाच्या हाडाला अडकवलेली. तिच्यातून स्नायूची दोरी सरकते. या स्नायूच्या नसेचं लॅटिन नावही कप्पीवरूनच पडलंय.

गोदीवाला | १५ जुलै, सकाळी ९:५२

भुवईखाली बोट लावून बसलोय. आयुष्यभर कप्पीखाली उभा राहिलो आणि डोळ्यात एक कप्पी आहे हे आज समजलं. बायकोलाही दाखवलं.

पूल_नंबर_३ | १५ जुलै, दुपारी १:३०

या कप्पीवाल्या स्नायूने आमच्या घरात चार महिने काढायला लावले. वडील मोटरसायकलवरून पडले, डोक्याला मार. बाहेरून सगळं ठीक. पण दादर स्टेशनचा पूल उतरताना ते थबकायचे. कठडा धरून एकेक पायरी, मागे गर्दी खोळंबलेली. चढताना काही नाही, उतरतानाच. आम्हाला वाटलं मार बसल्याने घाबरलेत. एक दिवस म्हणाले, "प्रत्येक पायरीखाली दुसरी पायरी दिसते, खरी कुठली ते कळत नाही." आणि मान नेहमी एका खांद्याकडे कललेली. मी दहा वेळा म्हटलं असेन, मान सरळ ठेवा. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कळलं, की मान कलवली की दोन प्रतिमांची एक होते, शरीराने आपला आपण शोधलेला उपाय होता तो. मी उगाच ओरडत होतो. त्याचं वाईट अजून वाटतं.

पाणकावळा | १५ जुलै, दुपारी २:१०

हा स्नायू नाकाकडे वळलेल्या डोळ्याला खाली बघायला लावतो. वाचताना आणि जिना उतरताना तोच लागतो. त्याची नस बारीक, आणि कवटीच्या आत तिचा प्रवास लांब, म्हणून डोक्याच्या माराने ती दुखावते. वडिलांची जुनी छायाचित्रं बघितली होती का डॉक्टरांनी? मान आधीपासून कलती होती का हे आम्ही त्यावरूनच ओळखतो.

पूल_नंबर_३ | १५ जुलै, दुपारी २:२५

हो! लग्नाचा अल्बम मागवला होता. तेव्हा कारण कळलं नव्हतं.

शब्दवेल्हाळ | १५ जुलै, रात्री ८:००

शब्दांचं मी घेतो. आपल्याकडे घरगुती शब्द भरपूर आहेत, पण त्यांच्या हद्दी सैल आहेत.

पापणी म्हणजे नक्की काय? 'पापणी मिटली' म्हणजे कातड्याचं झाकण, आणि 'लांबसडक पापण्या' म्हणजे केस. एकाच शब्दावर दोन कामं. सुश्रुतसंहितेत मात्र दोन वेगळे शब्द आहेत. तिथे डोळ्याची पाच मंडलं सांगितली आहेत: पक्ष्म, वर्त्म, श्वेत, कृष्ण आणि दृष्टी. पक्ष्म म्हणजे पापणीचे केस, वर्त्म म्हणजे पापणी, मग पांढरं, मग काळं, मग मधली दृष्टी. बाहेरून आत येणारी वर्तुळं. शिवाय सहा संधी आणि सहा पटलं. आजचा 'दृष्टिपटल' हा शब्द त्याच घरातला.

आणि बाहुली! काळ्याच्या मधल्या छिद्राला आपण बाहुली म्हणतो, कारण समोरच्याच्या डोळ्यात अगदी जवळून पाहिलं की आपलीच चिमुकली आकृती दिसते. संस्कृतात त्याला कनीनिका, म्हणजे लहान मुलगी. लॅटिनमध्येही त्याच छिद्राचं नाव 'छोटी बाहुली' या अर्थाचं. एकमेकांपासून इतक्या लांबच्या माणसांनी दुसऱ्याच्या डोळ्यात बघितलं आणि त्यांना तेच दिसलं. मला हे फार आवडतं.

निळाई | १५ जुलै, रात्री ८:३०

आणि बुबुळ? तेच ते छिद्र ना?

शब्दवेल्हाळ | १५ जुलै, रात्री ८:४१

नाही. बुबुळ म्हणजे सगळं काळं वर्तुळ, परितारिका. बाहुली त्याच्या मधलं भोक.

निळाई | १५ जुलै, रात्री ८:४४

मग वर्तमानपत्रात 'बुबुळाचं प्रत्यारोपण' येतं ते काय? तिथे तर बुबुळ म्हणजे पुढचा पारदर्शक पडदा. दोन्ही कसं बरोबर?

पाणकावळा | १५ जुलै, रात्री १०:१५

निळाई, बरोबर पकडलंत. हा घोळ रोज आमच्या ओपीडीत होतो. पुढचं पारपटल घड्याळाच्या काचेसारखं पारदर्शक. त्यातून मागची रंगीत परितारिका दिसते. लोकांना काच दिसत नाही, काचेमागचं काळं दिसतं, आणि दोन्ही मिळून त्यांनी त्याला बुबुळ म्हटलं. प्रत्यारोपणात फक्त ती काच बदलतात. मध्यभागी ती अर्धा मिलिमीटरहून किंचित जाड. तिच्यात एकही रक्तवाहिनी नाही, म्हणूनच ती आरपार दिसते. प्राणवायू ती अश्रूंमधून थेट हवेतला घेते. अशी काच बदलण्याचं पहिलं यशस्वी ऑपरेशन १९०५ सालचं, एडुआर्ड झिर्म यांनी केलेलं.

त्यामुळे दान केलेल्या डोळ्याने घेणाऱ्याच्या डोळ्याचा रंग बदलत नाही. 'घाऱ्या डोळ्यांचं दान चालेल का' असं मला विचारणारे भेटलेत. चालतं. चष्मेवाल्यांचं चालतं, मोतीबिंदू काढलेल्यांचंही चालतं.

शब्दवेल्हाळ, तुमचा परितारिका शब्द मान्य. पण पेशंटसमोर मी बुबुळच म्हणणार आणि बोटाने दाखवणार.

शब्दवेल्हाळ | १५ जुलै, रात्री १०:३०

इथे मी सहमत नाही, डॉक्टर. एका शब्दाने दोन अवयव दाखवले की सोनचाफाताईंच्या लेकासारख्या मुलाला पुढे कॉलेजात पुन्हा शिकावं लागतं. काचेला पारपटल, रंगीत पडद्याला बुबुळ, भोकाला बाहुली. तीन वस्तू, तीन शब्द. तिन्ही सोपे आहेत.

देवकीनंदन | १५ जुलै, रात्री ११:२०

नेत्रदानाचा विषय निघाला म्हणून लिहितो. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यातच आई गेली, रात्री एकच्या सुमाराला, घरीच. तिची इच्छा होती. नेत्रपेढीला फोन केला. पलीकडच्या मुलीने शांतपणे सांगितलं: पंखा बंद करा, डोळे मिटवा, पापण्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा, डोक्याखाली उशी द्या. सहा तासांच्या आत व्हायला हवं म्हणाली. मी कापूस भिजवून पिळला आणि आईच्या पापण्यांवर ठेवला. आयुष्यात तिच्या पापणीला मी पहिल्यांदा हात लावला. किती पातळ कातडी असते तिथली.

दोघं जण अडीच वाजता आले, पावसात भिजून. वीस मिनिटांत काम झालं. नंतर चेहरा होता तसाच, झोपल्यासारखा. कुणाच्या मनात विद्रूपपणाची भीती असेल तर ती काढून टाका.

अबोली | १५ जुलै, रात्री ११:४०

वाचून डोळे भरून आले. नाकही वाहायला लागलं. असं का होतं?

पाणकावळा | १६ जुलै, सकाळी ७:०५

अश्रू डोळ्याच्या वरच्या, कानाकडच्या कोपऱ्यातल्या ग्रंथीत बनतात. पापणी लवली की ते डोळ्यावरून पसरत नाकाकडच्या कोपऱ्यात जमतात. आरशात खालची पापणी हलकेच खाली ओढून आतल्या टोकाशी बघा, टाचणीच्या टोकाएवढं एक छिद्र दिसेल. तसंच वरच्या पापणीलाही. त्यातून अश्रू बारीक नळ्यांनी अश्रुपिशवीत जातात, आणि तिथून एक नळी थेट नाकात उघडते. एरवी थोडं थोडं पाणी तिथेच जिरतं. रडू आलं की नाला तुंबतो, थोडं गालावर, थोडं नाकात.

म्हणूनच डोळ्यात थेंब टाकले की घशात कडू लागतं. थेंब टाकल्यावर डोळा मिटून आतल्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटं दाबून ठेवा. औषध डोळ्यातच राहील. काचबिंदूचे थेंब घेणाऱ्यांनी तर हे करायलाच हवं.

तीन_पोरांची_आई | १६ जुलै, सकाळी १०:३०

माझी धाकटी जन्मली तेव्हापासून तिचा डावा डोळा सारखा पाणावलेला. सकाळी चिपडांनी पापण्या चिकटलेल्या. सासूबाई म्हणाल्या काजळ घाल, शेजारीण म्हणाली आईचं दूध पिळ. डॉक्टर म्हणाले, काहीही घालू नका, नळीच्या नाकाकडच्या टोकाशी पातळ पडदा राहून गेलाय. करंगळी नाक आणि डोळ्याच्या मधल्या कोपऱ्यावर ठेवून खाली दाबत आणायची, दिवसातून तीन-चार वेळा, नखं कापून. मला वाटलं एवढ्याने काय होणार. नवव्या महिन्यात एका सकाळी डोळा कोरडा, स्वच्छ. बहुतेक बाळांचं वर्षाच्या आत सुटतं म्हणे.

कोकणकडा | १६ जुलै, दुपारी १२:००

आमच्या आजीने सगळ्या नातवंडांच्या डोळ्यांत काजळ घातलं, मधाचं बोटही फिरवलं. कुणाला काही झालं नाही. डॉक्टर लोक घरगुती सगळ्यालाच नावं ठेवतात.

पाणकावळा | १६ जुलै, दुपारी १२:४०

आजींच्या मायेला नावं ठेवत नाही. पण ज्यांना झालं ती बाळं माझ्यासमोर येतात. बाळाच्या डोळ्यात मध, दूध, काजळ काही नको. काजळाची तीट कानामागे लावा, दृष्ट तिथूनही निघते.

कोकणकडा | १६ जुलै, दुपारी १२:५५

बरं, हे पटलं. रांजणवाडीवर लवंग उगाळून लावली तर चालते का?

रंगपेटी | १६ जुलै, दुपारी ३:१५

रांजणवाडीवर मी बोलते. गोरेगावला शूटिंगमध्ये मेकअप करते, बावीस वर्षं. मुली पापणीच्या आतल्या काठावर, अगदी ओल्या कडेवर काजळाची जाड रेघ मागतात. मी आता सरळ नाही म्हणते. भिंगाच्या आरशात बघा, त्या कडेवर पापणीच्या केसांच्या मागे बारीक टिंबांची रांग दिसते. एका डोळ्याच्या डॉक्टरांनी मला सांगितलं की ती तेलाच्या ग्रंथींची तोंडं आहेत. तेव्हापासून मी रेघ केसांच्या बाहेरच ओढते. माझ्या मुलींच्या रांजणवाड्या खरंच कमी झाल्या.

पाणकावळा | १६ जुलै, दुपारी ४:००

रंगपेटीताईंना शंभर टक्के अनुमोदन. हाइनरिख माइबोम यांनी १६६६ साली या ग्रंथींचं वर्णन केलं, त्यांचंच नाव ग्रंथींना आहे. वरच्या पापणीत तीसेक, खालच्या पापणीत थोड्या कमी. हे तेल अश्रूंवर तवंगासारखं पसरतं, म्हणून अश्रू लगेच सुकत नाहीत. तोंड बुजलं की आत गाठ होते, ती सहसा दुखत नाही. केसाच्या मुळाशी जंतू शिरले तर दुखणारी, लाल रांजणवाडी. दोन्हींवर पहिला उपाय शेक. स्वच्छ फडकं गरम पाण्यात पिळून दहा मिनिटं, दिवसातून चार वेळा. फोडायची नाही. लवंगेने पापणीची कातडी भाजते, डोळ्यात गेली तर पारपटलही. नकोच.

विरारस्लो | १६ जुलै, रात्री ९:१०

थोडं अवांतर. सहा स्नायूंचं काम बघायचं असेल तर लोकलमध्ये बघा. खिडकीत बसलेल्या, बाहेर बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांकडे नीट लक्ष द्या. वसई खाडीचा पूल ओलांडताना लोखंडी खांब मागे जातात, आणि त्याचे डोळे एका खांबाचा हळूच पाठलाग करतात, मग झटक्यात परत पुढच्या खांबावर. हळू मागे, झटकन पुढे. त्याला स्वतःला काही जाणवत नाही. मी रोज बघतो. माझी मुलगी म्हणते, बाबा, त्याच्या डोळ्यातली बाहुली दोरीवरच्या उड्या मारतेय.

पाणकावळा | १६ जुलै, रात्री ९:३५

हीच गोष्ट आम्ही पट्ट्यांचा ड्रम फिरवून तपासतो. बोलू न शकणाऱ्या बाळाला दिसतंय का, हे त्याच्या डोळ्यांच्या या हालचालीवरून कळतं. मुलीला शाबासकी.

बाल्कनीतली_बाग | १७ जुलै, सकाळी ८:००

डॉक्टर, स्नायू निघतात त्या कड्याचं नाव काय? मी कुठेतरी 'झिन' वाचलं आणि माझ्या कुंडीतला झिनिया आठवला.

पाणकावळा | १७ जुलै, सकाळी ८:२५

तोच तो झिन! योहान गॉटफ्रीड झिन, जर्मन. १७५५ साली त्याने माणसाच्या डोळ्याच्या रचनेवर ग्रंथ लिहिला, वनस्पतीही अभ्यासायचा. वयाची बत्तीस वर्षंही पुरी झाली नाहीत, १७५९ साली गेला. लिनिअसने त्या फुलाला त्याचं नाव दिलं. तुमच्या कुंडीत फुलतोय तो आणि तुमच्या डोळ्यामागच्या कड्याला नाव आहे ते, एकाच माणसाचं.

बाल्कनीतली_बाग | १७ जुलै, सकाळी ८:३०

आज पाणी घालताना त्याच्याकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं.

गुरुजी_परळ | १७ जुलै, संध्याकाळी ६:४५

सोनचाफाताई, मी निवृत्त विज्ञान शिक्षक. लेकाला पडल्या पडल्या करता येईल असा एक प्रयोग देतो. कोऱ्या कागदावर डावीकडे फुली आणि ८ सेंटिमीटर उजवीकडे जाड ठिपका काढा. उजवा डोळा झाकायचा, डाव्या डोळ्याने ठिपक्याकडेच बघत राहायचं आणि कागद हातभरावरून हळूहळू जवळ आणायचा. साधारण ३० सेंटिमीटरवर फुली नाहीशी होते. दृष्टिपटलावरच्या सगळ्या नसा गोळा होऊन जिथून डोळ्याबाहेर पडतात तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. तोच अंधबिंदू. त्याच्यामागे दहा लाखांहून अधिक तंतूंची एक दोरी खोबणीच्या टोकातून मेंदूकडे जाते. ती किंचित नागमोडी, सैल असते, म्हणून डोळा कुठेही वळला तरी ताणली जात नाही.

पुस्तकात खोबण नाही ही तुमची तक्रार मला लागली. मी ३४ वर्षं डोळा शिकवला, फळ्यावर गोळा काढला, भिंग काढलं, किरण काढले. गोळ्याबाहेर एकही रेघ काढली नाही. वर्गातलं एकही पोर विचारायचं नाही की हा गोळा ठेवलाय कुठे. तुमच्या लेकाने विचारलं.

सोनचाफा | १७ जुलै, रात्री १०:००

सर, फुली गायब झाली! दहा वेळा केलं. आजोबांना, शेजारच्या काकूंना, सगळ्यांना करायला लावलं.

त्याचा एक नवा प्रश्न आहे. उजवा गाल आणि वरचे दात बधिर लागतात. ब्रश फिरवला तर दुसऱ्याच्या तोंडात फिरवल्यासारखं वाटतं म्हणतो. मी घाबरले आहे.

पाणकावळा | १७ जुलै, रात्री १०:२०

घाबरू नका, पण तपासणीला जाल तेव्हा नक्की सांगा. गालाची, वरच्या ओठाची आणि हिरड्यांची संवेदना नेणारी नस खोबणीच्या तळातल्याच एका चरातून जाते. तळ मोडला की तिलाही मार लागतो. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत, महिन्यांत परत येते. तोवर गरम चहा-दूध जपून, भाजलेलं कळणार नाही.

तुमचा पहिला प्रश्न राहिलाच होता, हाड एवढं पातळ का. चेहऱ्याच्या हाडांत हवेच्या पोकळ्या आहेत, त्यामुळे त्यांच्या भिंती पातळ राहतात. पण त्या पातळपणाचा त्या रविवारी उपयोगच झाला असं मी म्हणेन. तळ खचला, आतल्या दाबाला वाट मिळाली. तळ दगडासारखा असता तर तो सगळा दाब डोळ्याच्या गोळ्यावर आला असता. फुटलेला गोळा शिवणं किती कठीण असतं ते मी टेबलावर पाहिलंय. हाड मोडलं, डोळा राहिला.

गोदीवाला | १७ जुलै, रात्री १०:३१

आमच्याकडे यासाठी शिअर पिन असायची. जास्त ताण आला की पिन तुटते, मशीन वाचतं.

सोनचाफा | १७ जुलै, रात्री १०:४०

हे त्याला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे माझी पिन तुटली."

अबोली | २ ऑगस्ट, दुपारी ४:१०

ताई, काही खबर नाही. कसा आहे?

सोनचाफा | २९ ऑगस्ट, रात्री ११:१५

मंडळी, उशीर झाला, माफ करा. तपासण्या, शाळा, गणपतीची साफसफाई.

हनुवटी न उचलता नुसते डोळे वर न्यायचे, असा व्यायाम डॉक्टरांनी दिला होता. आमचे सासरे रोज संध्याकाळी त्याची हनुवटी धरून बसायचे आणि समोर पेन वर वर न्यायचे. "दोन झाले" म्हटलं की भिंतीवर पेन्सिलीने रेघ. देवघराशेजारी सगळ्या रेघा आहेत, एकाच्या वर एक. वयानुसार उंची मोजतात तशा.

गोविंदा आला तेव्हा गॅलरीत उभे होतो. समोरच्या गल्लीत हंडी बांधलेली, आमच्या मजल्याहून उंच. मी म्हटलं मान वर करून बघ. नाही म्हणाला, कठड्यावर हनुवटी टेकवली आणि नुसते डोळे वर नेले. थर लागत गेले. शेवटचं पोर वर चढलं, त्याने हात उचलला.

"किती?" सासऱ्यांनी विचारलं.

"एक," म्हणाला. "अगदी वरचा नारळ थोडासा दोन."

गालाच्या खालच्या भागाला अजून मुंग्या येतात, म्हणजे नस जागी होतेय असं डॉक्टर म्हणाले. क्रिकेटला परवानगी आहे, पण चेहऱ्यावर जाळीचं हेल्मेट घालून. गुरुजी, त्याने तुमच्यासाठी एक चित्र काढलंय. गोळा छोटा आणि खोबण मोठी, सातही हाडांना वेगळे रंग, भुवईखाली कप्पी. कप्पीला गोदीवाला काकांचं नाव देऊ का, असं विचारतोय.

गोदीवाला | २९ ऑगस्ट, रात्री ११:२२

द्या म्हणावं. आणि दोरी कप्पीच्या आतून गेलीय ना, तेवढं बघा. बाहेरून काढली असेल तर ओढली जाणार नाही.